प्रिंट लावणाऱ्याला नाही, खोटं सांगून विकणाऱ्याला जाब विचारा

जुन्या युरोपियन पोर्ट्रेटचा मोठा प्रिंट कोणी हॉलमध्ये लावला की ठरलेला वाद सुरू होतो, आणि तो इतका वाईट चालतो की शेवटपर्यंत त्या चित्राबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. एक गट म्हणतो हे नकली, कागदावरची शाई, मूळ बघायला मिळत नाही म्हणून फोटो टांगलाय, आणि एवढीच हौस असेल तर इथल्या चित्रकाराचं काहीतरी घ्या की. दुसरा गट म्हणतो आता स्कॅनिंग एवढं पुढे गेलंय की मूळ आणि प्रिंट यांच्यात फरक उरलाच नाही, उलट प्रिंटच जास्त स्वच्छ दिसतो, मग म्युझियमच्या रांगेत कशाला उभं राहायचं. पहिल्याला प्रिंट लावणाऱ्याची लायकी काढायची असते, दुसऱ्याला आपण केलेल्या खर्चाचं समर्थन करायचं असतं. आणि ज्याच्यावर खरंच भांडायला हवं ते, म्हणजे हे प्रिंट कोण कसे बनवतं, काय सांगून विकतं आणि पाचशे वर्षं जुन्या चेहऱ्यावर आज हक्क कोणाचा, हे सगळं बाजूलाच राहतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. रेनेसाँच्या काळातलं, म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपचं पोर्ट्रेट छापून घरात लावण्यात गैर काहीही नाही, उलट चित्रांच्या सगळ्या प्रकारांत पोर्ट्रेट हाच असा प्रकार आहे की ज्याच्या कॉपी निघणार हे काढणाऱ्याला, काढून घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं. गैर आहे ते कॉपीला कॉपीपेक्षा जास्त काहीतरी म्हणून विकणं. आणि तितकंच गैर आहे जे सगळ्यांचं झालेलं आहे त्याला कुंपण घालून त्याचं भाडं घेणं. 

पोर्ट्रेट त्या काळी कशासाठी काढलं जायचं ते आधी बघा. जो माणूस समोर नाही त्याच्या जागी ठेवायला. १५३८ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला नवी बायको शोधायची होती, तेव्हा त्याने आपला चित्रकार हान्स होल्बाइन याला ब्रसेल्सला पाठवलं, तिथे मिलानच्या ड्यूकची सोळा वर्षांची विधवा क्रिस्टिना होती, तिने होल्बाइनला जेमतेम तीन तास दिले, तेवढ्यात त्याने स्केच केलं आणि परत येऊन मोठं पोर्ट्रेट रंगवलं. लग्न काही झालं नाही, पण चित्र राजाने ठेवून घेतलं, ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. राजे, पोप, ड्यूक या सगळ्यांची पोर्ट्रेट्स अशीच फिरायची, एक आपल्याकडे, एक मुलीच्या सासरी, एक दोस्त राजाकडे, आणि चित्रकाराच्या कारखान्यात चेले बसून त्याच चेहऱ्याच्या आणखी प्रती काढायचे. एकच एक, जगात दुसरं नाही, अशा चित्राची आपण आज जी पूजा करतो ती त्या पोर्ट्रेटच्या गिऱ्हाईकाला विचित्रच वाटली असती.

आता एकच चित्र घेऊन नीट बोलूया, नाहीतर सगळं हवेत राहतं. राफाएलने १५११ च्या सुमारास काढलेलं पोप दुसऱ्या ज्युलियसचं पोर्ट्रेट. हा तोच पोप ज्याने मायकेलअँजेलोला सिस्टिन चॅपेलच्या छतावर चढवलं आणि स्वतः चिलखत घालून लढायांवर गेला. चित्रात मात्र तो खुर्चीत बसलेला म्हातारा आहे, लाल टोपी, खांद्यावर लाल मखमल, खाली चुण्यांचा पांढरा झगा, बोटांत अंगठ्या, नजर खाली कुठेतरी लागलेली, आपल्याकडे बघतच नाही. दाढी पांढरी आणि लांब, फ्रेंचांना इटलीतून हाकलल्याशिवाय काढणार नाही म्हणून वाढवलेली. एका हातात रुमाल सैल धरलाय आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट पकडलाय, हे दोन हात बघितले तरी माणूस कळतो, थकलेला पण सोडायला तयार नसलेला. खुर्चीच्या खांबांवर ओक झाडाच्या फळाचे सोनेरी गोंडे आहेत, कारण ओक हे त्याच्या देल्ला रोव्हेरे घराण्याचं चिन्ह. त्याच शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने लिहून ठेवलंय की हे चित्र इतकं जिवंत होतं की बघणाऱ्याला पोप खरंच समोर बसल्यासारखी भीती वाटायची.

या चित्राच्या किती प्रती निघाल्या असतील? टिशियनसारख्या चित्रकाराने १५४५ च्या आसपास त्याची कॉपी केली, ती फ्लॉरेन्सच्या पित्ती पॅलेसमध्ये आहे. फ्लॉरेन्समध्येच उफिझीत आणखी एक आहे. आणि एक लंडनला, नॅशनल गॅलरी १८२४ ला सुरू झाली तेव्हा अँगरस्टाइन नावाच्या श्रीमंत माणसाचा जो संग्रह सरकारने विकत घेतला त्यातून आलेलं. आता खरी गोष्ट इथे आहे. लंडनचं चित्र कितीतरी वर्षं कॉपी समजलं जात होतं, मूळ उफिझीचं असं जाणकार सांगायचे. १९७० च्या सुमारास लंडनच्या चित्राची सफाई झाली, एक्स-रे काढला, तेव्हा दिसलं की आजच्या हिरव्या पडद्याच्या खाली आधी वेगळंच कापड रंगवलेलं होतं, त्याच्यावर पोपची चिन्हं होती, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या किल्ल्या वगैरे, आणि राफाएलने मध्येच विचार बदलून ते सगळं हिरव्याने झाकलं होतं. कॉपी करणारा असा विचार बदलत नाही, त्याच्यासमोर उत्तर तयार असतं. शिवाय मूळ चित्र एकेकाळी रोमच्या ज्या बोर्गेझे संग्रहात होतं त्याचा जुना नंबर या चित्रावर सापडला, ११८. म्हणजे मूळ हेच.

प्रिंटला नकली म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. एवढी वर्षं लोक त्या चित्रासमोर उभे राहिले, खाली कॉपी लिहिलंय म्हणून पुढे गेले, आणि तिकडे फ्लॉरेन्सला कॉपीसमोर उभे राहून भारावून गेले. मग ते कशाने भारावले? चित्राने की खालच्या पाटीने? मूळ चित्रातून एक विशेष तेज येतं आणि ते कुठल्याही प्रतीत येऊच शकत नाही असं जर असेल, तर ते तेज एवढ्या जाणकारांना एवढी वर्षं का जाणवलं नाही?

पण हीच गोष्ट दुसऱ्या गटाच्याही विरोधात जाते आणि ते मी लपवणार नाही. जे एक्स-रेत दिसलं ते जगातल्या कुठल्याच प्रिंटमध्ये नाही. प्रिंट म्हणजे वरच्या पृष्ठभागाचा फोटो. खाली काय झाकलंय, रंग कुठे जाड कुठे पातळ, पॉपलरच्या लाकडी फळीला काय झालंय, कोणत्या भागाची कधी डागडुजी झाली, हे सगळं मूळ वस्तूतच राहतं. तेलरंगाचे पातळ पातळ थर एकावर एक दिलेले असतात, उजेड आत शिरतो आणि खालच्या थरावरून परत येतो, म्हणून ती लाल मखमल आतून उजळल्यासारखी दिसते. इंकजेटची शाई कागदावर बसते आणि उजेड तिथूनच परत फिरतो. मी लंडनचं चित्र बघितलंय, त्या लाल रंगाचं मी वर्णन करू शकते पण कुठल्याही प्रिंटमध्ये तो दाखवू शकत नाही. तेव्हा फरक उरला नाही म्हणणाऱ्यांनी एकतर मूळ बघितलेलं नसतं किंवा बघताना घाई केलेली असते.

मग मूळ इतकं वेगळं असेल तर प्रिंट लावायचाच कशाला? हा समोरच्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे आणि त्याचं उत्तर "परवडत नाही म्हणून" एवढंच देणं मला पुरेसं वाटत नाही. परवडणं हा भाग आहेच, लंडनच्या गॅलरीत प्रवेश फुकट असला तरी तिथपर्यंतचं तिकीट आणि व्हिसा फुकट नाही, आणि मूळच बघा असं सांगणाऱ्यांनी हे कोणाला सांगतोय याचा जरा विचार करावा. पण समजा जाता आलं, तरी काय मिळतं? मोनालिसा घ्या. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं चित्र, काचेच्या आड, पुढे कठडा, समोर शेकडो लोक मोबाइल वर करून उभे. २०१८ साली लूव्हरला एक कोटीहून जास्त लोक आले आणि त्यातल्या बहुतेकांना हेच चित्र बघायचं असतं, शेवटी २०२५ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तिच्यासाठी वेगळी खोली करायची घोषणा केली. त्या गर्दीत मिळालेल्या अर्ध्या मिनिटात काय दिसतं? आपण मोनालिसासमोर उभे होतो एवढंच दिसतं. पोर्ट्रेट असं बघायची गोष्टच नाही, ते येताजाता, चहा पिताना, सकाळच्या उजेडात एक आणि संध्याकाळी एक असं वर्षानुवर्षं बघायचं असतं, तेव्हा कुठे ज्युलियसचा तो खुर्ची पकडलेला हात लक्षात येतो. मूळ चित्र जे देऊ शकतं ते प्रिंट देत नाही हे मान्य, पण प्रिंट जो वेळ देतो तो म्युझियम देऊ शकत नाही हेही मान्य करा.

आणि साइज. याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. पुस्तकात, मोबाइलवर, स्लाइडवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात, दहा फुटी भित्तिचित्र आणि वीतभर पोर्ट्रेट दोन्ही तळहाताएवढी. प्रिंट हा एकमेव मार्ग आहे ज्यात चित्र मूळ मापात समोर येतं. ज्युलियस साधारण १०९ बाय ८१ सेंटिमीटर आहे, म्हणजे माणूस जवळजवळ खऱ्या आकाराचा, त्याची भीती का वाटायची ते त्या मापातच कळतं. याउलट लिओनार्दोचं जिनेव्रा दे बेंचीचं पोर्ट्रेट, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने १९६७ ला विकत घेतलेलं, जेमतेम ३८ सेंटिमीटरचं आहे, वन बीएचकेच्या भिंतीवरही मूळ मापात आरामात बसतं. त्याचा खालचा भाग कधीतरी कापला गेलाय, बहुतेक त्याच्यात तिचे हात होते. आणि मागच्या बाजूलाही चित्र आहे, पानांच्या फांद्यांचं कडं आणि लॅटिन ओळ, म्हणजे ते हातात घेऊन उलटून बघायचं चित्र होतं. घरात लावलेला मूळ मापाचा प्रिंट त्या चित्राच्या जुन्या आयुष्याच्या जास्त जवळ आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रामाणिकपणाची रेघ कुठे ओढायची हे रेनेसाँवाल्यांनीच आपल्याला दाखवून ठेवलंय. राफाएलने ज्युलियसनंतरचा पोप दहावा लिओ याचंही पोर्ट्रेट काढलं होतं. मांतुआच्या ड्यूकने ते मागितलं, तेव्हाचा पोप सातवा क्लेमेंट याने द्यायला सांगितलं, पण ज्याच्या ताब्यात ते होतं त्या ओत्ताव्हियानो दे मेदिचीला ते फ्लॉरेन्सबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. त्याने आंद्रेआ देल सार्तोकडून गुपचूप कॉपी करून घेतली आणि तीच मूळ म्हणून पाठवून दिली. मांतुआत जुलिओ रोमानो होता, राफाएलचा खास शिष्य, त्या मूळ चित्रावर आपण स्वतः काम केलंय असं सांगणारा, आणि तोही फसला. पुढे व्हासारीने त्याला खरं काय ते सांगितलं, चित्रावरची आंद्रेआची खूण दाखवली, तेव्हा जुलिओ म्हणाला की याची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही, उलट वाढते, एक मोठा चित्रकार दुसऱ्याची इतकी हुबेहूब कॉपी करू शकतो म्हणजे कमाल आहे. आता यात चूक कोणाची? आंद्रेआने कॉपी केली त्यात मला काही वावगं दिसत नाही. ओत्ताव्हियानोने ती मूळ म्हणून पाठवली, ती फसवणूक. चित्र तेच, रंग तेच, फक्त सोबत काय सांगून पाठवलं तेवढ्याने सगळं बदललं.

छापील चित्रांचंही तेच. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररची छापील चित्रं व्हेनिसमध्ये मार्कान्तोनिओ रायमोंदी नावाच्या कोरक्याने ताम्रपटावर, म्हणजे छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवली आणि खाली ड्यूररची सहीसुद्धा तशीच कोरली. ड्यूररने तक्रार केली, तेव्हा व्हासारी सांगतो त्याप्रमाणे त्याला एवढंच मिळालं की रायमोंदीने त्याची सही वापरू नये. चित्र उतरवायला मनाई नाही, नाव चोरायला मनाई. पुढे हाच रायमोंदी रोममध्ये राफाएलबरोबर काम करायला लागला, राफाएलची ड्रॉइंग्ज ताम्रपटावरून छापून युरोपभर गेली, म्हणजे खुद्द राफाएलला आपलं काम छापून पसरण्यात कमीपणा वाटत नव्हता.

आता आपल्याकडच्या आक्षेपाकडे येते, कारण तो मला सगळ्यात जवळचा आहे. आपल्या भिंतीवर परका पोप कशाला, तेवढ्या पैशात इथल्या चित्रकाराचं चित्र येईल. या म्हणण्यातला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. ज्या किमतीला काही लोक "म्युझियम क्वालिटी" कॅनव्हास घेतात त्या किमतीत मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच पास झालेल्या मुलाचं किंवा मुलीचं अस्सल काम येतं, आणि तुमच्याकडे तेवढे पैसे असतील तर आधी तिकडे जा, मी हात जोडून सांगते. जिवंत चित्रकाराला घरभाडं भरायचं असतं, राफाएल १५२० साली गेला. पण प्रिंट तेवढा महाग असायचं काही कारणच नाही, तो महाग का आहे त्याकडे मी येतेच. आणि परका म्हणून नको हे मला पटत नाही. १५८० साली जेझुइट पाद्री गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे गेले तेव्हा बरोबर छापील चित्रांचं बायबल घेऊन गेले, मुघल चित्रकारांनी ती युरोपियन छापील चित्रं समोर ठेवून अभ्यास केला, अबुल हसनने पोरवयात, १६०० साली, ड्यूररच्या छापील चित्रातला सेंट जॉन उतरवला तो आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियनमध्ये आहे. त्यामुळे अबुल हसन परका झाला का? त्याच्या हातून पुढे जहांगीरची जी चित्रं निघाली ती कोणाची? १६१६ मध्ये अजमेरला इंग्रज राजदूत सर टॉमस रो याने एक छोटं पोर्ट्रेट जहांगीरला दाखवलं आणि अशी कॉपी इथे कोणाला जमणार नाही म्हणाला, काही दिवसांनी जहांगीरने त्याला रात्री बोलावून मेणबत्तीच्या उजेडात सहा चित्रं पुढे ठेवली, त्यातली पाच दरबारच्या चित्रकाराची, आणि आपलं कुठलं ते ओळखताना रोची पंचाईत झाली हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. कॉपी करणं म्हणजे गुलामी असं म्हणणाऱ्यांनी त्या रात्री जास्त खूश कोण होतं याचा विचार करावा.

आणि राजा रविवर्मा यांना कुठे ठेवणार? १८९४ साली त्यांनी मुंबईत लिथोग्राफिक प्रेस काढली, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, जर्मन मशीन, जर्मन कारागीर, दगडावरून एकेक रंग वेगळा छापायचा. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी महाराष्ट्रातली किती देवघरं भरली. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या घरातही देव गेला तो छापील कागदावरून गेला. टीकाकार म्हणतात की या ओलिओग्राफनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापांनी, लोकांची आवड बिघडवली, रंग भडक झाले, चेहरे गोडगोड झाले, आणि यात तथ्य आहे, रविवर्म्यांचं तैलचित्र आणि त्याचा कॅलेंडरी छाप शेजारी ठेवले तर कोणालाही दिसेल. पण याचा अर्थ छापू नये असा होतो की नीट छापावं असा होतो?

अजिंठ्याचं उदाहरण तर अंगावर काटा आणतं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं गुंफांत बसून केलेल्या कॉपी १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा कॉपी केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या आगीत जळाल्या. उरलेल्या आजही अभ्यासक उघडून बघतात कारण भिंतीवरचं बरंच काही नंतर झिजलं, पडलं. इथे विरोधकांचा एक मुद्दा मला मानावाच लागतो, की कॉपी करताना चित्र उठून दिसावं म्हणून भिंतीवर व्हार्निश लावलं गेलं आणि त्याने मूळ चित्रांचं नुकसान झालं. कॉपीच्या हव्यासाने मुळाला इजा झाली हे खरंच घडलंय. पण आज कॅमेरा चित्राला हात लावत नाही, एकदा नीट फोटो काढला की हजार प्रिंट निघतात आणि मूळ चित्र अंधाऱ्या, योग्य तापमानाच्या खोलीत शांत राहू शकतं, म्हणजे तो जुना धोकाच उरत नाही.

आता ज्याच्यावर खरा राग धरायला हवा तिकडे. माझ्या ओळखीतल्या एकांनी ज्युलियसचं हेच पोर्ट्रेट दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवलं आणि फ्रेमवाल्याच्या काउंटरवर आम्ही दोन्ही शेजारी पसरले. पहिला कॅनव्हासवर, चकचकीत, सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट, "लिमिटेड एडिशन" आणि अमुकपैकी अमुक नंबर. हिरवा पडदा पोपटी झालेला, लाल मखमल भगवीकडे झुकलेली. सोळा बाय वीस इंचाच्या तयार फ्रेममध्ये बसावा म्हणून खालून कापलेला, त्यामुळे हातातल्या रुमालाचं टोकच गायब. आणि वरून ब्रशचे फटकारे वाटावेत म्हणून पारदर्शक जेल फासलेलं, बरं ते तरी चित्र बघून फासावं, दाढीचे केस वरून खाली उतरतायत आणि जेलचे फटकारे सगळे आडवे. राफाएलच्या त्या चित्रात ब्रशचा असा जाड फटकारा नाहीच, त्याचं सगळं कसब रंग गुळगुळीत उतरवण्यात आहे. दुसरा प्रिंट मॅट कॉटन पेपरवर, चारी बाजूंनी पांढरा समास सोडलेला, चित्र पूर्ण, रंग जरा दबके, मागे पेन्सिलने चित्राचं नाव, मूळ कुठे आहे, मूळ माप काय, इतकंच. सर्टिफिकेट नाही. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. आणि दुकानात आलेल्या दोघातिघांना पहिलाच आवडला, जिवंत वाटतो म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही, मूळ कसं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

लिमिटेड एडिशन ही काय भानगड आहे ते समजून घ्या. ताम्रपट किंवा लिथोचा दगड छापून छापून झिजायचा, पहिले छाप धारदार, नंतरचे पुसट, म्हणून कुठला छाप कितवा याला अर्थ होता. शिवाय जिवंत चित्रकार स्वतः छाप तपासून नंबर घालतो आणि सही करतो तेव्हा तो त्याचा शब्द असतो. पण पाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या चित्रकाराच्या चित्राची डिजिटल फाइल काय झिजते? पहिला प्रिंट आणि दहा हजारावा प्रिंट यात फरक काय? आणि ते सर्टिफिकेट कशाच्या अस्सलपणाचं आहे, राफाएलच्या की प्रिंटरच्या? नव्वदच्या दशकात इंकजेटवर फाइन आर्ट प्रिंट निघायला लागले तेव्हा त्यात खरी कारागिरी होती आणि आजही आहे, चांगली पिगमेंट शाई आणि ॲसिड नसलेला कॉटन पेपर वापरला तर प्रिंट कितीतरी दशकं टिकतो, स्वस्त डाय शाईवाला उन्हात बघता बघता उडतो. या गोष्टींचे पैसे घ्या ना, जरूर घ्या. कृत्रिम टंचाईचे घेऊ नका. प्रिंटच्या मागे मूळ कुठे आहे, त्याचं माप काय, चित्र कापलंय का, रंग कुठल्या फोटोवरून घेतले, कागद-शाई कुठली, हे छापायला किती खर्च येतो? ओत्ताव्हियानोने जे केलं ते आज दुकानात सर्टिफिकेटवर छापून चाललंय आणि आपण भांडतोय कोणाशी, तर ज्याने भोळेपणाने ते घेतलं त्याच्याशी.

कुंपणाचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, राफाएल-लिओनार्दोंचा प्रश्नच नाही. पण काही म्युझियमं आपण काढलेल्या फोटोवर हक्क सांगतात, आणि इटलीने २००४ च्या वारसा कायद्याने व्यापारी वापरावर फी लावलीय. लिओनार्दोचं व्हिट्रूव्हियन मॅन हे ड्रॉइंग जिगसॉवर छापलं म्हणून व्हेनिसच्या कोर्टाने २०२२ ला राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीला मनाई केली, मग २०२४ ला श्टुटगार्टच्या कोर्टाने सांगितलं की इटलीचा कायदा इटलीबाहेर चालणार नाही. म्युझियमवाल्यांची बाजू पोकळ नाही. फळी वाळवीपासून वाचवायची, एसी चालवायचा, पहारा ठेवायचा, याला पैसा लागतो आणि चित्रावर कमावणाऱ्याने थोडा वाटा द्यावा हे ऐकायला रास्तच वाटतं. पण मग न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ ला पावणेचार लाख फोटो एका झटक्यात सगळ्यांना मोफत कसे दिले? ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने त्याच्याही आधी कसे दिले? अमेरिकेत १९९९ सालीच कोर्टाने म्हटलं होतं की जुन्या सपाट चित्राच्या जशाच्या तशा फोटोत नवीन निर्मिती काही नाही, युरोपियन युनियननेही २०१९ च्या निर्देशात तेच मान्य केलं. फी लावल्याने भडक कॅनव्हासवाला थांबत नाही, तो कुठूनतरी हलका फोटो उचलतो आणि छापतो. थांबतो तो प्रामाणिक छापणारा, ज्याला नीट परवानगी घेऊन नीट छापायचं असतं. म्हणजे कुंपणामुळे वाईट प्रिंट वाढतात आणि चांगले महाग होतात. जिनेव्राचा मोठा, रंग तपासलेला फोटो वॉशिंग्टनवाले मोफत देतात, म्हणून तिचा चांगला प्रिंट कागद-शाईच्या खर्चात निघू शकतो.

चेहरा सारखा सारखा बघून मरतो, मोनालिसा मगवर, छत्रीवर, मोज्यांवर बघून आता ती दिसतच नाही, असंही म्हणतात. हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते छापल्यामुळे झालं की तीच ती चार चित्रं छापल्यामुळे झालं? १९११ ला मोनालिसा चोरीला गेली तेव्हा जगभरच्या पेपरांनी तिचा फोटो छापला, लोक लूव्हरमध्ये नुसती रिकामी भिंत बघायला गेले, आणि तिथून ती जी चिकटली ती चिकटलीच. इलाज एकच, दुसरी चित्रं छापा. होल्बाइनची ती काळ्या कपड्यातली क्रिस्टिना छापा, बेलिनीने काढलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला शासक, छापा, जिनेव्रा दोन्ही बाजूंनी छापा.

आणि हे सगळं आधी शाळांत जाऊ द्या. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, त्यातली बरीच मुलं माणसाचा चेहरा काढायला शिकतात पण कुठलंही मोठं पोर्ट्रेट त्यांनी त्याच्या खऱ्या मापात कधी बघितलेलं नसतं, मोबाइलच्या स्क्रीनवर नाक कसं उठवलंय ते दिसत नाही आणि मोबाइल वर्गात चालतही नाही. माझ्यासारख्या चित्रकला शिकवणाऱ्यांनी आणि पालक संघांनी मिळून मूळ मापातले, न कापलेले चार प्रिंट आणले, मागे सगळी माहिती लिहिली, शेजारी हळदणकरांच्या किंवा धुरंधरांच्या एखाद्या पोर्ट्रेटचा तितकाच नीट प्रिंट लावला, तर खर्च एका गॅदरिंगच्या मंडपाएवढाही येणार नाही. मुंबईच्या मुलांना मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपियन तैलचित्रं बघायला न्यायचं, आणि वर्गातल्या प्रिंटमध्ये काय नव्हतं ते त्यांनाच शोधून वहीत लिहायला सांगायचं.